अकरा एमबीचा आकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दादरला तीन-चार जणांचं डीटीपी आणि लग्नाच्या अल्बमचं ऑफिस आहे. तीन टेबलांवरच्या कॉम्प्युटरांवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार आहे. कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपला ४ टीबीची डिस्क लावून सर्व्हर केलाय आणि त्यावरचं फोल्डर एनएफएसने (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरण्याची लिनक्सची पद्धत) शेअर केलंय. केबल कॅट-६, सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या स्विचवर गिगाबिट छापलेलं. तरीही मोठी फाईल सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. साडेसहा हजार छोट्या फाईलींचं, जेमतेम १८० एमबीचं फोल्डर चढवायला पाच मिनिटं लागतात. शिवाय सकाळी पहिल्यांदा शेअर उघडलं की दहा सेकंद सगळं गोठतं. आता एनएफएस काढून सांबा (विंडोजच्या पद्धतीचं शेअरिंग) लावावं की नवा स्विच घ्यावा, असं विचारताय.

सध्या दोन्ही नको. ‘नेटवर्क स्लो आहे’ म्हणून तुम्ही एकच दुखणं सांगितलंत, पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पहिल्याचं निदान तर तुमच्या प्रश्नातच आहे, कारण ११ हा आकडा आमच्या धंद्यात फार ओळखीचा आहे.

नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाईल बाइटमध्ये. १०० मेगाबिटला ८ ने भागलं की साडेबारा एमबी येतात. प्रत्येक पाकिटावरचा पत्ता-शिक्का वजा केला की हातात अकरा-साडेअकरा उरतात. गिगाबिटवर, म्हणजे १००० मेगाबिटवर, हाच हिशेब ११५ च्या आसपास जातो. आणि तुम्ही लिहिलंय की आकडा हलत नाही, सकाळी ११, संध्याकाळी ११. आजारी नेटवर्क असं वागत नाही, ते कधी ४० देतं, कधी ७, मध्येच शून्यावर जाऊन बसतं. कायम ११ देणारं नेटवर्क अगदी ठणठणीत असतं, फक्त ते १०० च्या लिंकवर चालत असतं. स्विचवर काय छापलंय याला अर्थ नाही, दोन टोकांचं आपसात काय ठरलंय ते बघायचं.

ते बघायला सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये इथटूल ही कमांड द्या आणि पुढे नेटवर्क कार्डाचं नाव लिहा. ‘स्पीड’च्या ओळीत १००० हवं, तुमच्याकडे माझ्या अंदाजाने १०० दिसेल. तिन्ही टेबलांवरही हेच करा. एकाच टेबलाचा वेग कमी असता तर मी त्या टेबलाची केबल बघायला सांगितली असती. पण तिघांनाही ११ च मिळतायत, म्हणजे दोष तिघांच्या सामायिक वाटेवर आहे: सर्व्हरचं कार्ड, सर्व्हरची केबल किंवा स्विचचा तो पोर्ट. जुन्या डेस्कटॉपचं कार्डच १०० चं असू शकतं. इथटूल तेही सांगतं, ‘सपोर्टेड लिंक मोड्स’मध्ये १००० नसेल तर कार्ड बदलायचं, विषय संपला. ते असेल आणि तरीही लिंक १०० वर असेल, तर केबलकडे वळा.

गिरगावात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर छापखान्याचं ऑफिस होतं, त्यांचीही तक्रार शब्दशः हीच होती. मालकांनी आधीच नवा स्विच आणून ठेवला होता, वेग मात्र जिथल्या तिथे. मी भिंतीवरचा नेटवर्क केबलचा डबा उघडला. केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी नारिंगी आणि हिरवी नीट पंच केलेली, म्हणजे खाचेत दाबून बसवलेली होती. निळी जोडी मात्र डब्यातून बाजूला काढून, वर काळी टेप गुंडाळून, पांढऱ्या वायरला जोडली होती. ती वायर छताखालून पलीकडच्या खोलीत गेली होती, इंटरकॉमला. तपकिरी जोडी कापून मागे दुमडली होती. ज्याने केलं त्याची चूक म्हणवत नाही. १०० मेगाबिटला आठपैकी चारच तारा लागतात, पिन १, २, ३ आणि ६. उरलेल्या चार मोकळ्याच, मग त्यावर इंटरकॉम चालवला तर बिघडलं काय? मुंबईत असं मी डझनावारी पाहिलंय. एकाच केबलमधून दोन कॉम्प्युटर चालवलेलेही पाहिलेत. पण १९९९ साली तांब्याच्या केबलवरचं गिगाबिट आलं, त्याला चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तार तुटली तरी बरीचशी कार्डं आधी गिगाबिटचा प्रयत्न करतात, जमलं नाही की गुपचूप १०० वर उतरतात. पडद्यावर एरर येत नाही, इंटरनेट चालतं, पिंग (दुसरं मशीन उत्तर देतं का ही तपासणी) चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. लिनक्सच्या नव्या कर्नलवर (गाभ्यावर) काही कार्डं डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) ‘डाउनशिफ्ट’ झाल्याची आणि केबल तपासण्याची ओळ लिहितात, तेवढी शोधून बघा.

डब्यात तसं काही नसेल तर दोन्ही टोकांचे आरजे-४५ प्लग बघा. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा. खिडकीच्या ग्रिलमधून आत आलेल्या केबलच्या टोकाला पिनांवर हिरवट-काळं चढलेलं सहज सापडतं. पुसत बसू नका, टोक कापून नवं क्रिम्प करा. आणि केबलची एखादी तार ब्लेडने खरवडून बघा. वर तांबूस आणि आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. खोक्यावर कॅट-६ छापलेलं असतं, भावात फरक असतो, आणि दोन-चार वेळा वाकवलं की आतल्या आत तुटतं. लॅमिंग्टन रोडवर ३०५ मीटरचं खोकं घेताना मी दुकानातच टोक खरवडून बघतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

एक शक्यता राहिली. सर्व्हर स्विचऐवजी इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरला लावलेला असेल तर तो आधी तिथून काढा. अशा बऱ्याच स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० चेच असतात.

लिंक १००० दिसायला लागली की लगेच फाईल कॉपी करून बघू नका. आधी आयपर्फ-थ्री हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा, सर्व्हरवर सर्व्हर म्हणून आणि टेबलावर क्लायंट (सर्व्हरकडून सेवा घेणारं मशीन) म्हणून. तो एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत डेटा ढकलतो, डिस्कचा संबंध येत नाही. त्यामुळे नेटवर्कचा दोष आणि डिस्कचा दोष वेगळे पडतात. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर वायरिंग पास. ९४ आलं तर पुन्हा डब्याकडे. मधलं काही आलं, समजा ३०० किंवा ५००, तर कार्डाच्या एरर मोजणीत आकडा वाढतोय का बघा. वाढत असेल तर केबल खराब आहे किंवा पॉवरच्या वायरला चिकटून गेलीय. उलट दिशाही तपासा, आयपर्फला मायनस कॅपिटल आर लावून. एकीकडे ९४० आणि दुसरीकडे २०० असं मी पाहिलंय, आणि तेव्हा दोष नेमका त्या दिशेला असतो जी कुणी मोजलेली नसते.

मग सर्व्हरवर बसून डिस्कचा वेग मोजा. इथे बरेच जण फसतात. डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने एक-दोन जीबी लिहून बघतात, ९०० एमबी असा आकडा येतो आणि खुशीत येतात. तो डिस्कचा वेग नाही. लिनक्स आधी रॅममध्ये लिहून घेतं आणि ‘झालं’ म्हणतं, डिस्कवर नंतर सावकाश उतरवतं. म्हणून डीडीला शेवटी एफसिंक करायला सांगा, म्हणजे सगळं डिस्कवर उतरल्यावरच घड्याळ थांबेल. आजच्या साध्या फिरत्या डिस्कला १०० ते २०० च्या दरम्यान काहीही येऊ शकतं, भरत आलेल्या डिस्कला त्याहून कमी. ३५ च्या आसपास अडकलं तर डिस्क यूएसबी २ च्या पोर्टात आहे का बघा. आणि डिस्क विंडोजमधून आणून एनटीएफएस या विंडोजच्या रचनेतच ठेवली असेल, तर जुन्या मशीनचा प्रोसेसर तिथेच दमतो. डेटा दुसरीकडे काढून डिस्क एक्स्ट-फोर (लिनक्सची रचना) करून घ्या.

आता दुसरं दुखणं. यातच खरा गुंता आहे आणि केबल दुरुस्त करून ते बरं होणार नाही. हिशेब करा: १८० एमबी ११ च्या वेगाने गेले तरी सोळा-सतरा सेकंदांत पोचायला हवेत. तुम्हाला पाच मिनिटं लागतात, म्हणजे तीनशे सेकंद. यातले दोनशे ऐंशीच्या वर सेकंद वायरवर जात नाहीयेत. केबल गिगाबिट केलीत तर सतराचे दोन सेकंद होतील, पाच मिनिटांची पावणेपाच. मग म्हणाल, केबल बदलून काही फरक पडला नाही!

जातात कुठे? साडेसहा हजारांनी तीनशे सेकंदांना भागलं तर फाईलमागे साधारण ४५ मिलिसेकंद येतात. एक छोटी फाईल चढवताना क्लायंट सर्व्हरला विचारतो: या नावाची फाईल आहे का, नसेल तर बनव, हा मजकूर लिही, डिस्कवर पक्का कर, तारीख आणि परवानग्या लाव. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत पुढची पायरी थांबते. सर्व्हरच्या एक्स्पोर्टमध्ये (काय शेअर करायचं ते लिहिलेल्या ओळीत) वेगळं काही लिहिलं नसेल तर ‘सिंक’ लागू असतं, म्हणजे ‘बनव’ आणि ‘पक्का कर’ याला सर्व्हर ‘हो’ तेव्हाच म्हणतो जेव्हा ते खरोखर डिस्कवर उतरलेलं असतं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क एका फेरीला ८ मिलिसेकंद घेते. फाईलमागे अशा चार-पाच खेपा झाल्या की तुमचे ४५ भरले. तलाठ्याकडे एकेक कागद घेऊन साडेसहा हजार वेळा रांगेत उभं राहण्यासारखं आहे ते. रस्ता रुंद केला म्हणून रांग कमी होत नाही.

मोठ्या फाईलला हा त्रास का होत नाही? १९९५ च्या एनएफएस आवृत्ती ३ पासून क्लायंट भराभर मजकूर पाठवत राहतो आणि शेवटी ‘आता सगळं पक्कं कर’ म्हणतो. ती खेप दोन जीबीच्या फाईलला क्वचित होते, पाच केबीच्या फाईलला दरवेळी.

यावर सगळीकडे एकच तोडगा सांगतात: एक्स्पोर्टमध्ये ‘एसिंक’ करा. वेग खरोखरच झटक्यात वाढतो. पण त्यात सर्व्हर काय करतो ते समजून घ्या. डिस्कवर न लिहिताच ‘लिहिलं’ म्हणून सांगतो. त्याच क्षणी सर्व्हर बंद पडला, तर तुमच्या टेबलावरचा उबुंटू निश्चिंत असतो, कारण त्याला पोच मिळालेली असते. तो मजकूर पुन्हा पाठवत नाही. ‘सिंक’मध्ये सर्व्हर उठेपर्यंत क्लायंट थांबतो आणि पक्कं न झालेलं परत पाठवतो. यूपीएस लावून लाईट जाण्याचा धोका टळतो, मशीन हँग होण्याचा टळत नाही. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो आहेत, ते पुन्हा काढता येत नाहीत. मी तुमच्या जागी एसिंक फक्त प्रिव्ह्यू आणि टेंपररी फाईलींच्या वेगळ्या शेअरला लावेन. मूळ फोटोंच्या शेअरला नाही.

त्यापेक्षा चालू कामांचं फोल्डर सर्व्हरमधल्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या डिस्कवर) हलवा. तिथे डिस्क फिरण्याची वाटच बघायची नसते, मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. जुन्या डेस्कटॉपला साधी साटा एसएसडी चालते. ४ टीबीची फिरती डिस्क झालेली कामं ठेवायला राहू द्या. आणि हजारो फाईली एकदम चढवायच्या असतील तर शेअरवर ओढून टाकू नका. टार करून (सगळ्यांची एकच गठडी बांधून) ती धार एसएसएचमधून (सर्व्हरवर थेट लॉगिन करण्याची वाट) थेट सर्व्हरवर सोडा आणि तिथेच उघडा. तिथे एकेका फाईलची पोच मागणारं कुणी नसतं, शेवटी एकदाच सिंक कमांड दिली की झालं. आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडचंही तेच: माउंट केलेल्या (शेअरमधून जोडलेल्या) फोल्डरवर चालवू नका, सर्व्हरचं नाव देऊन एसएसएचवरून चालवा. तुम्ही डिजिकॅम हा फोटो लावून ठेवणारा प्रोग्राम वापरता असं लिहिलंय, तर त्याचा डेटाबेस शेअरवर अजिबात नको. फोटो शेअरवर, डेटाबेस टेबलावरच्या मशीनमध्ये. तो डेटाबेस ज्यावर चालतो त्या एसक्यूलाइटचं आणि एनएफएसच्या लॉकिंगचं (एका वेळी एकालाच लिहू देण्याचं) जमत नाही, आणि स्लो होणं हे त्यातलं सगळ्यात सौम्य लक्षण आहे.

तुम्ही टेबलावरच्या मशीनच्या एफस्टॅबची (काय कसं माउंट करायचं ते लिहिलेल्या फाईलची) ओळ पाठवली ते बरं केलंत. त्यात आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ (एका वेळी वाचायच्या आणि लिहायच्या तुकड्याचा आकार) ८१९२ बाइट दिलंय, ‘सॉफ्ट’ आहे आणि ‘सिंक’ही आहे. ही कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललेली ओळ असणार, आम्हीही एके काळी अशाच लिहायचो. आज हे दोन्ही साइझ दिले नाहीत तर सर्व्हर आणि क्लायंट आपसात ठरवतात, साधारण १ एमबीपर्यंत जातात. तुम्ही हाताने ८ केबीवर बांधून ठेवलंय. क्लायंटच्या ओळीतलं ‘सिंक’ आणि सर्व्हरच्या एक्स्पोर्टमधलं ‘सिंक’ या वेगळ्या गोष्टी आहेत, नाव एकच असल्याने घोळ होतो. सर्व्हरवरचं राहू द्या, क्लायंटवरचं काढा. ते प्रोग्रामच्या प्रत्येक छोट्या लिखाणाला पोच मिळेपर्यंत थांबवतं, वर सांगितलेली भराभर पाठवण्याची सोयच मारून टाकतं. ‘सॉफ्ट’ही काढा. सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही तर सॉफ्ट माउंट प्रोग्रामच्या हातात एरर देऊन मोकळं होतं आणि अर्धवट लिहिलेली फाईल मागे राहते. बदल केल्यावर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा आणि एनएफएसस्टॅट कमांडला मायनस एम देऊन खरोखर काय लागू झालं ते वाचा. पाच मिनिटांतला काही वाटा या ओळीचाही असू शकतो, म्हणून एसएसडीचे पैसे घालण्याआधी हे करा. फुकट आहे.

जम्बो फ्रेमच्या, म्हणजे नेटवर्कवरची पाकिटं मोठी करण्याच्या, वाटेला जाऊ नका. सर्व्हर ९००० वर आणि मधलंच काहीतरी १५०० वर राहिलं की छोटं फोल्डर उघडतं आणि मोठी फाईल मध्येच लटकते. फायदा थोडा, डोकेदुखी फार.

आता तिसरं दुखणं, सकाळचे दहा सेकंद. इथे माझ्यापुढे दोन संशयित आहेत आणि तुमच्या वर्णनावरून मला निवडता येत नाही. एक, रात्रभर कुणी न वापरल्याने डिस्क झोपलेली असते आणि तिला फिरायला लागायला वेळ लागतो. दोन, नाव शोधण्यात वेळ जातो. सर्व्हर आणि क्लायंट एकमेकांचं नाव राउटरला विचारतात, राउटरला घरातली नावं माहीत नसतात. लिनक्स अशा वेळी ५ सेकंद वाट बघून पुन्हा विचारतं, म्हणून विलंब बहुधा ५ किंवा १० असा गोल आकडा असतो. उद्या सकाळी शेअर उघडण्याआधी सर्व्हरजवळ उभे राहा. क्लिक केल्यावर डिस्क घरघरत उठली तर पहिला संशयित, एचडीपार्म कमांडने तिची झोप बंद करा. आवाज नसेल आणि टर्मिनलमध्ये सर्व्हरला नावाने पिंग करतानाही सुरुवातीला तेवढंच थांबत असेल तर दुसरा. मग चारही मशीनांच्या होस्ट्स फाईलमध्ये चौघांची नावं आणि पत्ते लिहून टाका. सर्व्हरवरही लिहा, तो क्लायंटचं नाव उलट शोधायला जातो हे बरेच जण विसरतात.

आता सांबा. सगळी मशीनं लिनक्स असतील तर एनएफएसच ठेवा. १०० च्या लिंकवर सांबाही ११ च देईल. अकाउंटसाठी एखादं विंडोज मशीन आलं तर त्याच्यापुरतं तेच फोल्डर सांबानेही देता येतं. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. सांबाच्या सेटिंगमधल्या सॉकेट ऑप्शन्समध्ये बफरचे (तात्पुरत्या साठवणीचे) आकडे टाकायचा सल्ला कुणी दिला तर टाकू नका. लिनक्स ते स्वतः कमी-जास्त करतं, तुम्ही आकडा टाकला की ते बंद होतं. दुसरं, एकाच फोल्डरमध्ये हजारो फाईली असतील तर सांबा दमतं. विंडोजला इंग्रजीतली मोठी आणि छोटी अक्षरं सारखीच वाटतात, म्हणून ‘नाव आधीपासून आहे का’ हे बघायला सांबाला अख्खं फोल्डर चाळावं लागतं. अल्बमवार उपफोल्डर केलेत तर तो प्रश्न राहत नाही.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की तिसऱ्या टेबलावर कधीकधी लॅपटॉप असतो, वाय-फायवर. दादरसारख्या ठिकाणी २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या चाळीस घरांचे राउटर त्याच तिघांवर बसलेले. ५ गिगाहर्ट्झवर थोडं बरं चालेल, पण मोठ्या फाईलींच्या कामाला भरवसा नाही. त्या टेबलापर्यंत एक केबल ओढून घ्या. इलेक्ट्रिशियनला आठही तारा पंच करायला सांगा, त्याच्यासमोरच इथटूल चालवून १००० आल्याचं बघा, आणि इंटरकॉमसाठी वेगळी वायर आणायला आधीच पैसे द्या.